कुंडी, कॅमेरा आणि काटा: मुंबईत पीकसंशोधनासाठी स्वयंचलित मोजमाप कसं उभारावं

स्वयंचलित मोजमापाच्या यंत्रणेत कॅमेरा हा सगळ्यात स्वस्त भाग असतो. खरी किंमत मोजावी लागते ती कॅमेऱ्याने दिलेला आकडा हाताने पडताळून पाहण्यासाठी. ही पडताळणी बहुतेक जण टाळतात, आणि मग दोन महिन्यांचे हजारो फोटो हार्ड डिस्कवर पडून राहतात. म्हणून या लेखात जुळणीइतकीच जागा पडताळणीलाही दिली आहे.

दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतल्या नानाजी देशमुख वनस्पती फिनोमिक्स (झाडांची वाढ आणि गुण यंत्राने मोजण्याचं शास्त्र) केंद्रात कुंड्या पट्ट्यावरून सरकत कॅमेऱ्यापर्यंत जातात. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या लीझीस्कॅन यंत्रणेत उलटं आहे: झाडं जागेवर असतात आणि स्कॅनर त्यांच्यावरून फिरतो. आपल्या छोट्या मांडणीत दोन्ही स्थिर ठेवायचे. वर एक कॅमेरा, खाली १२ कुंड्या, प्रत्येक कुंडीखाली एक लोड सेल (वजन मोजणारा सेन्सर). हलणारा भाग एकही नाही, त्यामुळे गच्चीवर किंवा कॉलेजच्या शेडमध्ये ती वर्षानुवर्षं टिकते. पीक म्हणून इथे नाचणी धरली आहे. ती कुंडीत चांगली वाढते, पाण्याच्या ताणाचा अभ्यास तिच्यावर नीट करता येतो आणि बियाणं कोकणातल्या संशोधन केंद्रांतून मिळवता येतं.

आधी हंगाम ठरवा

मुंबईत पाण्याच्या ताणाचा प्रयोग पावसाळ्यात लावू नये. कारण हवेच्या तहानेत आहे. ३० अंश सेल्सिअसला संपृक्त हवेचा बाष्पदाब ४.२४ किलोपास्कल असतो. आर्द्रता ८५ टक्के असेल तर हवेतली तूट, म्हणजे संपृक्त व्हायला कमी पडणारा बाष्पदाब, फक्त ०.६४ किलोपास्कल उरते, ४५ टक्के असेल तर ती २.३३ होते. म्हणजे तापमान तेच असूनही झाडाकडून पाणी ओढण्याची हवेची ताकद साडेतीन पटींहून जास्त बदलते. जुलैत पाणी तोडलेली कुंडीही दिवसेंदिवस ओली राहते आणि दोन वाणांमधला फरक दिसतच नाही. जानेवारी ते मार्च हा या कामासाठी सगळ्यात चांगला काळ. पावसाळ्यात रोपांच्या वाढीचा वेग, फुटवे, पानांचा रंग असे अभ्यास करता येतात, पण त्यासाठी छप्पर पक्कं हवं.

हिवाळ्यातही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सकाळी जमिनीकडून येणारा कोरडा वारा दुपारकडे समुद्रावरून यायला लागतो आणि आर्द्रता थोड्या वेळात बरीच वर चढते. त्यामुळे दिवसाची एकच सरासरी आर्द्रता लिहून चालत नाही. दर दहा मिनिटांनी तापमान आणि आर्द्रता नोंदवून प्रत्येक वेळची तूट काढावी आणि मगच सरासरी करावी.

सांगाडा आणि सामान

स्लॉटेड अँगलचा १.५ मीटर रुंद, १.१ मीटर खोल आणि २.१ मीटर उंच सांगाडा पुरतो. गच्चीवर लावणार असाल तर सोसायटीची लेखी परवानगी आधी घ्या. वर २०० मायक्रॉनचं यूव्ही पॉलिथिन, चारही बाजूंना पक्षीजाळी. जाळी ऐच्छिक नाही. कुंडीच्या काठावर कबुतर किंवा कावळा बसला की काट्यावर तीनेकशे ग्रॅमची उडी दिसते, आणि कोवळी नाचणी खाल्ली जाते ती वेगळीच.

इलेक्ट्रॉनिक सामान ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर एका फेरीत मिळतं. स्क्रू, वॉशर आणि प्लेटसाठी नागदेवी, केबल आणि बॉक्ससाठी लोहार चाळ. यादी अशी:

- रास्पबेरी पाय ४ (एका बोर्डवरचा छोटा संगणक, पुढे नुसतं ‘पाय’), चार जीबी, सोबत ५ व्होल्ट ३ अँपिअरचा चांगला ॲडॉप्टर
- रास्पबेरी पायचा एचक्यू कॅमेरा आणि ६ मिमीची सीएस माउंट लेन्स
- १० किलो क्षमतेचे बार लोड सेल १४ (१२ कुंड्यांसाठी, १ संदर्भासाठी, १ सुटा)
- एचएक्स७११ मॉड्यूल १५ (लोड सेलचा बारीक सिग्नल आकड्यात बदलणारी चिप)
- ईएसपी३२ बोर्ड २ (छोटे मायक्रोकंट्रोलर)
- डीएस३२३१ घड्याळ मॉड्यूल, बॅटरीसह
- एसएचटी३१ तापमान-आर्द्रता सेन्सर, पांढऱ्या पट्ट्यांच्या झाकणात
- डीसीवर चालणारे, ९० पेक्षा जास्त सीआरआयचे (रंग किती खरे दिसतात त्याचं माप) एलईडी पॅनेल २
- यूएसबी एसएसडी आणि पायसाठी छोटा यूपीएस
- आयपी६५ (धूळ-पाणी न शिरणारे) बॉक्स २, केबल ग्लँड, सिलिका जेल

पाच किलोचा लोड सेल घ्यायचा मोह होतो, कारण त्याचं वाचन जास्त बारीक येतं. पण भिजलेली कुंडी पाच किलोच्या अगदी जवळ जाते आणि ती ठेवताना हाताचा जोर पडला की सेल कायमचा वाकतो.

घड्याळाचं मॉड्यूल वगळू नका. पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. वीज गेली आणि परत आली तेव्हा वायफाय नसेल, तर पाय जुनीच वेळ धरून पुढे चालू लागतो. फोटो निघतात, वजनं नोंदली जातात, फक्त सगळ्यांवर वेळ चुकीची असते आणि ती चूक नंतर सुधारता येत नाही.

काटे: इथे घाई नको

बार लोड सेलचं एक टोक खालच्या पट्टीला आणि दुसरं टोक वरच्या प्लेटला बसतं. दोन्हीकडे २ ते ३ मिमीचे वॉशर घाला, म्हणजे मधला भाग कुठेही टेकणार नाही आणि मोकळा वाकेल. सेलवरचा बाण खाली, वजनाच्या दिशेने हवा. वरच्या प्लेटच्या मोकळ्या कोपऱ्याखाली एक स्क्रू उभा करून प्लेटपासून साधारण १ मिमी अंतर ठेवा. कुणी कुंडीवर दाब दिला तर प्लेट त्या स्क्रूवर टेकेल आणि सेल वाचेल.

वायरिंग सरळ आहे: लाल आणि काळी वीजपुरवठ्याच्या दोन टोकांना, हिरवी आणि पांढरी एचएक्स७११ च्या ए चॅनेलच्या अधिक आणि उण्याला. वजन ठेवल्यावर आकडा कमी होत असेल तर हिरवी-पांढरी अदलाबदल करा. एचएक्स७११ ला ३.३ व्होल्टच द्या. ५ व्होल्ट दिले तर त्याच्या डेटा पिनवरही ५ व्होल्ट येतात, आणि पाय किंवा ईएसपी३२ च्या पिन तेवढ्यासाठी बनलेल्या नाहीत.

एचएक्स७११ थेट पायला जोडू नये, यामागे ठोस कारण आहे. या चिपची क्लॉक पिन ६० मायक्रोसेकंदांहून जास्त वेळ वर राहिली तर ती झोपी जाते. पायवरची लिनक्स प्रणाली मध्येच दुसऱ्या कामाला लागते, क्लॉक लांबते आणि वाचन मधूनच लाखांनी उडतं. लोक मग केबल बदलतात, सेल बदलतात, दोष मात्र तसाच राहतो. प्रत्येकी सहा-सात सेल एका ईएसपी३२ ला जोडा, त्याचं वायफाय बंद ठेवा, वाचताना इंटरप्ट (मध्येच शिरणारी इतर कामं) थांबवा आणि आकडे यूएसबीवरून पायला पाठवा.

दर दहा मिनिटांनी प्रत्येक सेलची २० वाचनं घ्या आणि मध्यक (क्रमाने लावल्यावर मधला आकडा) ठेवा, सरासरी नको. वाऱ्याने हललेली एक-दोन वाचनं सरासरी बिघडवतात, मध्यकाला त्यांचा त्रास होत नाही. कच्चा आकडाही फाइलमध्ये लिहा, म्हणजे कॅलिब्रेशन नंतर सुधारता येईल.

कॅलिब्रेशनसाठी वैधमापनाचा शिक्का असलेली लोखंडी वजनं वापरा: ०, १, २ आणि ५ किलो. चढत्या क्रमाने ठेवा, मग उतरत्या क्रमाने काढा, आणि दोन्ही रेषा जुळतात का ते पाहा. त्यानंतर ५ किलो अर्धा तास तसंच ठेवून द्या. आकडा या वेळात पाच ग्रॅमहून जास्त सरकला तर तो सेल बाजूला काढा.

तेरावा सेल संदर्भासाठी. त्यावर कुंडीएवढ्याच वजनाची, प्लॅस्टिकमध्ये घट्ट बंद केलेली वीट ठेवा. विटेचं वजन बदलत नाही, तेव्हा तिचा आकडा दुपारी जितका हलतो तितका परिणाम उन्हाचा. तो परिणाम इतर बारा आकड्यांतून सरळ वजा करू नका, कारण प्रत्येक सेल उन्हाला वेगळा प्रतिसाद देतो. या सेलचा उपयोग इशाऱ्यापुरता: वीट दिवसात ५ ग्रॅमहून जास्त हलू लागली की सावलीची सोय अपुरी आहे असं समजा. सेलच्या बाजूंनी थर्माकोलचे तुकडे आणि वरून पांढरा पत्रा लावला की बराच फरक पडतो. तरीही आठवड्यातून एकदा कुंडी उचलून शून्य आणि २ किलो तपासा. फरक ३ ग्रॅमपेक्षा जास्त असेल तर त्या सेलचं कॅलिब्रेशन पुन्हा करा.

समुद्राच्या हवेत सोल्डरचे जोड हिरवे पडतात. प्रत्येक जोडावर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी), मॉड्यूलवर कन्फॉर्मल कोटिंग (ओलावा रोखणारा पातळ थर), बॉक्सच्या केबल ग्लँड खालच्या बाजूला, आणि बॉक्समध्ये शिरण्यापूर्वी केबलला खाली झोळ, म्हणजे पाणी तिथूनच गळून जाईल. उंदीर येतात अशी जागा असेल तर केबल पीव्हीसी पाइपमधून न्या.

कुंडी भरणं

आठ इंची, तळाला भोक असलेली कुंडी आणि तिच्याखाली बशी. बशी वरच्या प्लेटवर, काट्याच्या हिशेबातच हवी. ती बाहेर राहिली तर निथळलेलं पाणी झाडाने सोडलं असा हिशेब लागतो.

लाल माती ४ मिमीच्या चाळणीतून काढून सावलीत पसरून वाळवा. प्रत्येक कुंडीत ३.५ किलो, ५ ग्रॅमच्या आत. याच मातीचा थोडा नमुना १०५ अंशांना २४ तास ओव्हनमध्ये ठेवून तिच्यात आधीचं पाणी किती होतं ते काढा. मग तीन सुट्या कुंड्या पूर्ण भिजवा, वरून झाका, २४ तास निथळू द्या आणि मातीचा नमुना काढून पुन्हा ओव्हनला लावा. मिळतो तो वाफसा, म्हणजे निथळल्यावर माती धरून ठेवते तेवढं पाणी.

समजा हवेत वाळलेल्या मातीत ४ टक्के पाणी निघालं. मग ३.५ किलोमधली खरी कोरडी माती ३.३६५ किलो. वाफसा २८ टक्के असेल तर भरल्या मातीचं वजन ४.३०७ किलो, आणि त्यातलं अर्धंच पाणी ठेवायचं तर ३.८३६ किलो. कुंडी, बशी आणि मातीवर बसवायची चकती मिळून ४५० ग्रॅम धरले तर काट्यावरची लक्ष्यं ४.७५७ आणि ४.२८६ किलो. दोन्हींतलं अंतर फक्त ४७१ ग्रॅम आहे. काटा दहा ग्रॅमने चुकला तरी ताणाचा हिशेब दोन टक्क्यांनी चुकतो, त्यामुळे वरची कटकट करावीच लागते.

मातीच्या पृष्ठभागावर रोपापुरतं भोक ठेवून गडद निळ्या प्लॅस्टिकची चकती बसवा. तिची दोन कामं आहेत. एक, मातीतून थेट उडणारं पाणी कमी होतं. दुसरं मुंबईसाठी जास्त महत्त्वाचं: ओल्या मातीवर इथे आठवड्याभरात हिरवं शेवाळ धरतं आणि सॉफ्टवेअर ते पान म्हणून मोजतं. पर्णक्षेत्राचा आलेख तीन दिवसांत एकाएकी वर गेला तर आधी कुंडीत डोकावून शेवाळ पाहा.

चकती असली तरी थोडं पाणी उडतंच. म्हणून बारापैकी दोन कुंड्या रोपाशिवाय ठेवा, एक पूर्ण पाण्याची आणि एक ताणाची. त्यांची घट बाकीच्या कुंड्यांतून वजा केली की झाडाचं बाष्पोत्सर्जन उरतं. मग रोपांसाठी दहा जागा राहतात. एकाच वाणाच्या पाच ओल्या आणि पाच ताणाच्या कुंड्या हा पहिल्या प्रयोगासाठी योग्य आकार. दहा जागांत चार वाण बसवायचा हट्ट केला तर पुनरावृत्ती इतक्या कमी पडतात की सांख्यिकीला हाती काहीच लागत नाही.

कुंड्यांच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरवा. कठड्याकडची ओळ तापते, मधली सावलीत राहते. म्हणून प्रत्येक ओळीत दोन्ही प्रकार असतील असं पाहा. कुंड्या फिरवू नका, नाहीतर कोणती कुंडी कोणत्या सेलवर होती हा घोळ होतो. याशिवाय बाजूला आणखी किमान २० कुंड्या, काट्याशिवाय, हुबेहूब त्याच पद्धतीने वाढवा. पडताळणीसाठी कापायच्या आहेत त्या याच.

कॅमेरा बसवणं

एचक्यू कॅमेऱ्याचा पिक्सेल १.५५ मायक्रॉनचा आणि चित्र ४०५६ गुणिले ३०४० पिक्सेलचं. ६ मिमी लेन्सने १.२ मीटर अंतरावर एक पिक्सेल सुमारे ०.३१ मिमी पकडतो आणि चौकट साधारण १.२६ गुणिले ०.९४ मीटरची मिळते. २५ सेंमी अंतराने ४ गुणिले ३ कुंड्या मांडल्या तर १०० गुणिले ७५ सेंमी जागा लागते, कडेला थोडी मोकळीक उरते. कोवळ्या नाचणीचं ३ मिमी रुंद पान दहा पिक्सेल भरतं, तेवढं पुरे.

अंतर कुंडीच्या काठापासून मोजा. कॅमेऱ्याखालून ओळंबा सोडून तो मांडणीच्या बरोबर मध्यावर येतो का पाहा, आणि स्पिरिट लेव्हलने कॅमेरा सपाट करा. पाय कॅमेऱ्याच्या शेजारीच ठेवा, लांब रिबन केबल दगा देते.

एचक्यू कॅमेऱ्यासोबत येणारी सी-माउंटची जास्तीची कडी सीएस लेन्स लावताना काढायची असते. ती राहिली तर दूरचं काहीच फोकस होत नाही आणि लेन्स खराब आहे असं वाटतं. लेन्सची झडप (ॲपर्चर) एफ-४ च्या आसपास आणा, कुंडीच्या काठापासून वीसेक सेंमी वर फोकस करा आणि दोन्ही स्क्रू घट्ट करा.

आता सगळे स्वयंचलित पर्याय बंद करा. एक्सपोजर, गेन (प्रकाशाचा सिग्नल किती वाढवायचा ते) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) हाताने ठरवून स्क्रिप्टमध्ये पक्के लिहा. ऑटो व्हाइट बॅलन्स तर या कामाचा शत्रूच आहे: झाडं वाढतात, चौकटीत हिरवा वाढतो, कॅमेऱ्याला तो रंगाचा दोष वाटतो आणि तो हिरवा कमी करत जातो. झाड मोठं होत असताना फोटोत ते फिकट होत जातं.

शटर २० मिलिसेकंदांचं ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, तिच्यावर चालणारे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १० मिलिसेकंदांच्या पटीत असलं की चित्रावर आडवे पट्टे येत नाहीत. आपले पॅनेल डीसीवर असले तरी शेजारच्या जिन्यातला दिवा चौकटीत येतोच. १८ टक्क्यांचं करडं कार्ड चौकटीच्या कडेला कायम ठेवा आणि तिन्ही रंगांत त्याचं मूल्य ११८ च्या आसपास येईल असं एक्सपोजर आणि व्हाइट बॅलन्स बसवा. रोजच्या फोटोत हेच मूल्य आपोआप तपासलं जाऊ द्या. ते ५ ने हललं तर लेन्सवर धूळ, बुरशी किंवा दिव्याचा बिघाड आहे.

चारही कोपऱ्यांवर अरुको खुणा (सॉफ्टवेअरला ओळखता येणारे काळे-पांढरे चौकोन) लावा. कागदावर छापल्या तर दमट हवेत त्या वळतात, म्हणून फ्लेक्सवाल्याकडून मॅट सनबोर्डवर छापून घ्या. खुणांची जागा आदल्या दिवसापेक्षा ५ पिक्सेलहून जास्त सरकली तर कॅमेऱ्याला धक्का लागला आहे असं धरून त्या दिवसाचं मोजमाप थांबवा.

फोटो कधी काढायचा

भर उन्हातले फोटो दिसायला छान, मोजायला वाईट. सावल्या फिरतात, पानं चकाकतात, वारा असतो. सूर्योदयाच्या चाळीसेक मिनिटं आधी एलईडी लावून काढलेला फोटो सगळ्यात विश्वासार्ह. प्रकाश रोज तोच, हवा सहसा शांत, पानं ताठ. मुंबईत सूर्योदय जानेवारीत सव्वासातच्या आसपास आणि जूनच्या सुरुवातीला सहाच्या सुमारास होतो, तेव्हा वेळ पंधरवड्याने सरकवत जा. दिवे फोटोच्या दोन मिनिटं आधी लावा, कारण एलईडी गरम होईपर्यंत त्याचा प्रकाश बदलत असतो. मध्यरात्री दिवे लावायचे नाहीत. नाचणी आणि भात दिवस लहान झाला की फुलोऱ्याकडे वळणारी पिकं आहेत आणि रात्रीच्या मध्यावरचा उजेड त्यांचा हिशेब बिघडवू शकतो.

कडधान्यं आणि भुईमूग यांना ही पहाटेची वेळ चालत नाही. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने दिलेल्या टीएजी-२४ सारख्या भुईमुगावर काम करायचं तर त्याची पानं रात्री मिटतात आणि पहाटेच्या फोटोत पर्णक्षेत्र खूपच कमी दिसतं. अशा पिकांसाठी सूर्योदयानंतर तासाभराने, वर पांढरं कापड ताणून फोटो घ्या.

पहाटेच्या फोटोसोबत दुपारी दीडला आणखी एक घ्या. त्यावरून वाढ मोजायची नाही. दुपारचं दिसणारं क्षेत्र भागिले त्याच दिवशी पहाटेचं, हे गुणोत्तर पानं किती मिटली ते सांगतं. भातासाठी आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेची ० ते ९ ची श्रेणी आहे: ० म्हणजे निरोगी सपाट पान, ५ म्हणजे यू आकारात वळलेलं, ९ म्हणजे घट्ट गुंडाळलेलं. डोळ्यांनी दिलेली श्रेणी आणि हे गुणोत्तर दोन्ही नोंदवलं तर तुमच्या वाणासाठी त्यांचा संबंध लावता येतो.

चित्रातून आकडा

पायथन, ओपनसीव्ही आणि प्लांटसीव्ही ही तीन मोफत साधनं पुरतात. क्रम असा: करड्या कार्डावरून रंग सुधारा, लेन्सचा वाकडेपणा काढा, प्रत्येक कुंडीचा ठरलेला चौकोन कापा, हिरवा वेगळा करा, पिक्सेल मोजा.

हिरवा वेगळा करण्यासाठी जादा-हिरवा निर्देशांक सोपा आणि पुरेसा आहे. प्रत्येक पिक्सेलचे लाल, हिरवा, निळा हे त्यांच्या बेरजेने भागा. मग हिरव्याची दुप्पट, वजा लाल, वजा निळा. उंबरठा, म्हणजे कोणत्या मूल्यापासून पुढे पान धरायचं ती सीमा, ठरवण्यासाठी ओत्सूची आपोआप चालणारी पद्धत सगळीकडे सुचवली जाते, पण कुंडी रिकामी असताना ती फसते. ती चित्राचे दोन भाग करतेच, मग त्यात झाड असो वा नसो, आणि नुसत्या मातीतही तिला झाड सापडतं. वेगवेगळ्या दिवसांच्या ३० फोटोंवर हाताने पानं रंगवून एक उंबरठा ठरवा आणि पूर्ण प्रयोगभर तोच ठेवा. डाग साफ करण्यासाठी ३ गुणिले ३ पेक्षा मोठी चौकट वापरू नका, पानांची टोकं खाल्ली जातात.

पिवळी पानं या निर्देशांकातून सुटतात. ताणाच्या प्रयोगात तर तीच महत्त्वाची, म्हणून पिवळ्यासाठी दुसरा उंबरठा लावून क्षेत्र वेगळ्या रकान्यात लिहा.

आता उंचीचा प्रश्न. प्रमाण आपण कुंडीच्या काठावर, १२० सेंमीवर ठरवलं. झाड १० सेंमी वर आलं की वरची पानं ११० सेंमीवर असतात आणि त्यांचं क्षेत्र १९ टक्के जास्त दिसतं. झाड ३० सेंमीचं झालं की वरच्या पानांत ही सूज ७८ टक्क्यांवर जाते. एकही नवं पान न येता झाड वाढलेलं दिसतं. म्हणून आठवड्यातून दोनदा प्रत्येक झाडाची उंची पट्टीने मोजा आणि कॅमेऱ्यापासून झाडाच्या मध्य-उंचीचं अंतर धरून प्रमाण बदला. हे पूर्ण अचूक नाही, पण मोठी चूक निघून जाते. शेजारच्या कुंडीत पानं शिरू लागली की वरून घेतलेल्या मोजमापाची मुदत संपली. तिथे थांबा, किंवा बाजूने दुसरा कॅमेरा लावून ० आणि ९० अंशांतून पाहा.

कात्री आणि ओव्हन

लावणीनंतर ७, १४, २१ आणि २८ व्या दिवशी बाजूच्या ५ कुंड्या कॅमेऱ्याखाली आणून फोटो घ्या आणि लगेच कापा. पानं काचेखाली सपाट करून फ्लॅटबेड स्कॅनरवर ३०० डीपीआयला स्कॅन करा. एक पिक्सेल ०.००७१७ चौरस मिमीचा, मोजणी इमेजजे या मोफत सॉफ्टवेअरमध्ये. मग पानं आणि खोड वेगळ्या कागदी पिशव्यांत, ७० अंशांना ४८ तास, आणि लागोपाठ दोन वजनं सारखी येईपर्यंत पुन्हा. मुंबईत पिशवी ओव्हनमधून काढून टेबलावर ठेवली की ती लगेच हवेतलं पाणी ओढते; डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) थंड करून मगच वजन घ्या.

वीस झाडांचे वीस बिंदू: आडव्या अक्षावर कॅमेऱ्याचं क्षेत्र, उभ्या अक्षावर खरं पर्णक्षेत्र. लहान झाडांत रेषा सरळ असते, पुढे पानं एकमेकांवर येतात आणि ती वाकते. नुसता आर-वर्गाचा (रेषा बिंदूंना किती जुळते ते सांगणारा) आकडा पाहून खूश होऊ नका. लहान आणि मोठी झाडं एकाच आलेखावर असली की तो नेहमीच चांगला येतो. प्रत्येक वयाच्या पाच बिंदूंत चूक किती टक्के आहे ते वेगळं पाहा.

दोन वाणांची तुलना करायची तर प्रत्येक वाणाची रेषा स्वतंत्र काढा. ताठ पानांचा वाण वरून कमी दिसतो, पसरट पानांचा जास्त. खरं क्षेत्र सारखं असूनही कॅमेरा पसरट वाणाला विजयी ठरवतो. पानांच्या कोनातला फरक वाढीतला फरक म्हणून छापला जाणं ही या तंत्रातली सगळ्यात गंभीर चूक आहे, आणि ती सॉफ्टवेअरने सुटत नाही. ताणामुळे पानं ताठ किंवा लुळी होतात, तेव्हा ताणाच्या झाडांचे बिंदूही त्यात असायला हवेत. यासाठी बाजूच्या कुंड्यांतल्या निम्म्यांना त्याच दिवसांपासून ताण द्या.

कापलेल्या झाडांचं ओलं वजनही लिहून ठेवा. काट्यावरच्या लक्ष्य वजनात माती आणि पाणीच धरलं आहे. झाड १०० ग्रॅमचं झालं तर तुम्ही नकळत १०० ग्रॅम पाणी कमी देत राहता. लक्ष्य दर आठवड्याला तेवढं वाढवा.

ताणाचे दिवस

पाणी रोज संध्याकाळी सहाला, काट्याकडे पाहत, लक्ष्य वजनापर्यंत. ताणाच्या कुंड्यांचं पाणी एकदम तोडू नका. कुंडीतली माती शेतापेक्षा फार लवकर सुकते आणि झाडाला जुळवून घ्यायला वेळच मिळत नाही. दिवसाची निव्वळ घट ७० ग्रॅमपर्यंत राहील एवढं पाणी परत द्या. प्रत्येक ताणाच्या झाडाचं बाष्पोत्सर्जन त्या दिवशीच्या ओल्या झाडांच्या सरासरीने भागा. हे गुणोत्तर ०.१ च्या खाली गेलं की ताण पूर्ण झाला. या भागाकारामुळे ढगाळ आणि कोरड्या दिवसांतला फरकही निघून जातो.

रात्रीच्या रेषेवर नजर ठेवा. उजेड नसताना वजन अगदी हळू उतरायला हवं. ते रात्री वाढत असेल तर दव पडतंय किंवा सेल थंडीने सरकतोय, आणि विटेचा आकडा पाहिला की दोन्हींतलं कोणतं ते कळतं.

डेटा रोज एसएसडीवर आणि आठवड्यातून एकदा दुसऱ्या डिस्कवर उतरवा. फोटो पाच एमबीचा धरला तर दिवसाचे दोन मिळून दोन महिन्यांत ६०० एमबीच होतात, तेव्हा जागा वाचवण्यासाठी चित्र दाबून लहान करायचं कारण नाही. प्रत्येक फाइलच्या नावात तारीख, वेळ आणि कॅमेऱ्याचा क्रमांक हवा. सोबत एक साधी वही ठेवा आणि पाणी कुणी दिलं, जाळी कधी उघडली, वीज कधी गेली, कोणता सेल बदलला हे हाताने लिहा. आलेखावर अचानक पायरी दिसली की तिचं उत्तर बहुतेक वेळा या वहीतच सापडतं. प्रयोग संपला की काट्यावरच्या रोपांच्या दहाही कुंड्या मोडा, पहिल्या वीस झाडांसारखंच त्यांचं पर्णक्षेत्र आणि कोरडं वजन काढा, आणि शेवटच्या पहाटेच्या फोटोवरून काढलेल्या अंदाजाशेजारी मांडा. प्रबंधात किंवा शोधनिबंधात हा तक्ता आलेखांच्या आधी द्यावा.